दोन मेणांची गोष्ट : तारपा कसा वाजतो, कसा टिकतो, कसा जपावा

१/१४
१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग कोलकात्यात आले आणि गौहर जान यांचे गाणे त्यांनी मेणाच्या तबकडीवर कोरून घेतले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात सह्याद्रीच्या कुशीत भोपळ्याचे एक वाद्य मधमाश्यांच्या मेणाने सांधले जात होते. पहिल्या मेणातला आवाज आजही ऐकता येतो. दुसऱ्या मेणाचे वाद्य थोड्याच हंगामांत विरते. तरीही तारपा आजही वाजतो आहे. हे कसे घडले?

२/१४
आधी भूगोल. शहापूरहून मुरबाडच्या वाटेला लागले की भातसा नदीकाठी सापगाव लागते. शहापूरचे जुने नाव कोळवण. एकोणिसाव्या शतकात मोखाडा हा शहापूर तालुक्याचाच पेटा होता. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू ही तारप्याची मुख्य भूमी १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्यात गेली. त्याआधी शहापूर, मुरबाड आणि हा सारा मुलूख एकाच ठाणे जिल्ह्यात होता.

३/१४
वारली, कोकणा, ठाकूर अशा समाजांत हे वाद्य वाजते. त्याची रचना साधी दिसते. वर सुकवलेला भोपळा, त्याला फुंकण्याचे छिद्र. भोपळ्याच्या खालच्या टोकात बांबूच्या दोन नळ्या बसवलेल्या, त्यांवर बोटांची छिद्रे. नळ्यांच्या शेवटी ताडाची पाने गुंडाळून केलेला लांब कर्णा. सारे सांधे मेणाने बुजवलेले. सांध्यातून हवा निसटली तर वाद्य मुके होते.

४/१४
खरा आवाज भोपळ्यात दडलेला असतो. प्रत्येक नळीच्या आतल्या टोकाला एक बारीक पोकळ काडी बसवतात. तिला चीर देऊन तिच्याच अंगची पातळ पाती मोकळी केलेली असते. फुंकर आली की पाती थरथरते. गारुड्याच्या पुंगीतही हेच तत्त्व आहे. पातीच्या टोकावर मेणाचा कण लावला तर स्वर उतरतो. टोक किंचित खरवडले तर चढतो. दोन नळ्यांचे स्वर जुळवण्याची किल्ली ती हीच.

५/१४
वादनातले अवघड काम बोटांचे नसून श्वासाचे आहे. गालांत साठवलेली हवा बाहेर सोडता सोडता वादक नाकाने नवा श्वास घेतो. त्यामुळे सूर तुटत नाही. भोपळा येथे हवेच्या कोठीचे काम करतो आणि फुंकरीतले चढउतार सावरतो. शिकणाऱ्याने आधी पाण्याच्या भांड्यात पोकळ काडीने बुडबुडे काढत राहावे. बुडबुडे न थांबता श्वास घेता आला की पहिला धडा झाला.

६/१४
सूर अखंड लागतो, कारण तो नाचासाठी आहे. भात पिकून हाती येऊ लागले की दिवाळीच्या सुमारास तारप्याचे दिवस सुरू होतात. वादक मध्यभागी आणि एकमेकांना धरून नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती. तारप्याकडे पाठ करायची नाही, असा संकेत आहे. वादकाने चाल बदलली की पावले बदलतात. नाच रात्रभर चालू शकतो.

७/१४
या वाद्याचे शत्रू तीन : ओल, ऊन आणि कीड. चार महिन्यांच्या कोकणी पावसात भोपळ्याला बुरशी येते. उन्हात ठेवले तर मेण मऊ होऊन सांधे सरकतात. बांबूला भुंगेरे पोखरतात. चुलीवरच्या माळ्याचा धूर कीड दूर ठेवतो, पण तिथली धग मेणाला सोसत नाही. कोरडी, हवेशीर, सावलीची जागाच बरी. तेथेही वाद्य जमिनीवर न ठेवता टांगावे, म्हणजे पानांचा कर्णा चेपत नाही.

८/१४
निगा राखण्याचे नियमही यातूनच निघतात. वाजवून झाल्यावर तारपा लगेच कापडात बांधू नये, कारण श्वासाची ओल आत राहते. आवाज फाटू लागला तर आधी सांधे तपासावेत, मग पात्या. भोपळा वेलावर पूर्ण पिकलेलाच निवडावा, कारण कोवळे फळ सुकताना सुरकुतते. आणि हे सारे करूनही एक दिवस भोपळा तडकणारच, हे धरून चालावे.

९/१४
इथेच इतिहासाचा प्रश्न उभा राहतो. सुरुवातीच्या ग्रामोफोनच्या काळात कलावंताला शहरात बोलावून कर्ण्यासमोर बसवले जाई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. ख्यालगायकांनी आपले गाणे त्या तीन मिनिटांत बसवले. रात्रभर चालणारा, नाचणाऱ्यांवाचून अपुरा असलेला तारपा त्या मापात बसणारा नव्हता.

१०/१४
कागदावर मात्र या जगाच्या नोंदी झाल्या. के. जे. सावे यांचा वारली समाजावरील ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. पुढे जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतून तारप्याभोवतीचा नाच जगभर पोहोचला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज तारप्याचा आकार असंख्य भिंतींवर दिसतो. ज्यांनी ते चित्र पाहिले, त्यांतल्या बहुतेकांनी त्याचा सूर कधी ऐकलेला नसतो.

११/१४
आता ध्वनिमुद्रकाची जागा मोबाइलने घेतली आहे. पण काही पथ्ये पाळावी लागतात. तारप्याचा आवाज कर्ण्यातून येतो तसा नळ्यांच्या छिद्रांतूनही येतो. म्हणून माइक कर्ण्याच्या तोंडाशी धरू नये. चार-पाच हात दूर, थोडा बाजूला ठेवावा. आवाजाची पातळी आपोआप बदलणारी सोय बंद करावी, नाहीतर संथ आणि जोरकस भाग एकसारखे ऐकू येतात.

१२/१४
पावलांचा ठेका आणि हाकारे हे ‘गोंगाट’ समजून पुसून टाकू नयेत. नाचाची चाल त्यांच्यातच आहे. निदान एक चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत न तोडता मुद्रित करावी. मूळ फाइल आवाज न दाबणाऱ्या स्वरूपात, निदान तीन ठिकाणी ठेवावी. सोबत वादकाची संमती, त्याचे नाव, गाव, तारीख, चालीचे नाव आणि प्रसंग लिहावा. मुद्रणाची एक प्रत वादकाच्या घरीही पोहोचावी.

१३/१४
एवढे केले तरी अर्धेच काम होते. सूर जपला, पण पाती कशी कापायची हे जपले नाही, तर पुढच्या पिढीच्या हाती केवळ ऐकण्याची वस्तू उरते. संग्रहालयाच्या काचेमागचा तारपा दिसतो. त्याचे मेण तडकलेले आणि पात्या आखडलेल्या असू शकतात. वाद्य दरवेळी मोडत गेले आणि दरवेळी कोणीतरी नवे केले, म्हणूनच ते १९०२ पासून आजवर पोहोचले. पहिल्या पोस्टमधल्या प्रश्नाचे उत्तर हेच : टिकली ती कृती.

१४/१४
जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव २०२६ च्या पद्मश्रीच्या यादीत आले. नव्वदी ओलांडलेल्या तारपावादकाचा तो गौरव होता. अशा वयाच्या माणसासमोर मोबाइल घेऊन बसणाऱ्या तरुणाने वाजवून दाखवण्याची विनंती अवश्य करावी. मात्र तेवढ्यावर उठू नये. भोपळा कोणत्या वेलाचा, मेण कुठले, पातीला चीर किती, हेही विचारावे. आणि ती चीर देणाऱ्या बोटांवर कॅमेरा स्थिर धरावा.