४,२९,४९,६७,२९७ चा भागाकार

मूळ संख्या शिकवताना आपली उदाहरणे सहसा शंभराच्या आत संपतात. शीर्षकातील संख्या मात्र ४२९ कोटींच्या वरची आहे. २ चा ३२ वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ती येते.

फ्रान्समधील प्येर द फर्मा हा पेशाने न्यायाधिकारी. गणित हा त्याचा छंद. १६४० मध्ये त्याने पत्रातून एक अंदाज कळवला. २ चे १, २, ४, ८, १६, ३२ असे दुपटीने वाढणारे घात घ्यावेत व प्रत्येकात १ मिळवावा. येणारी प्रत्येक संख्या मूळच असते. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या पाचही मूळ आहेत. सहावी आपली. आपल्याजवळ सिद्धता नाही, हे फर्माने प्रांजळपणे लिहिले होते. विश्वास मात्र पक्का होता.

१७२९ मध्ये गोल्डबाखने तरुण ऑयलरचे लक्ष या विधानाकडे वेधले. १७३२ मध्ये ऑयलरने उत्तर दिले: ६४१ × ६७,००,४१७. सहावी संख्या मूळ नव्हती!

२ पासून एकेक मूळ संख्या घेऊन भागत गेलो तर ६४१ चा क्रमांक ११६ वा. पण इतके भागाकार करायची गरजच नाही. आपल्या संख्येचा मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येऊ शकतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. म्हणजे तपासायच्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१. गंमत अशी की हे बंधन फर्माच्याच, त्याच १६४० सालच्या एका सिद्धांतातून निघते. हत्यार घरातच होते. आम्हांला तर वाटते, भागाकार करतानाच कुठेतरी त्याचा हातचा चुकला असावा.

ऑयलरचे उत्तर फळ्यावर लांबलचक भागाकार न करताही पडताळता येते. ६४१ = ५ × १२८ + १, तसेच ६४१ = ६२५ + १६. पहिल्यावरून, ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ मानता येते. १२८ म्हणजे २ चा ७ वा घात. तेव्हा दोन्ही बाजूंचा चौथा घात घेतल्यास ६२५ × (२ चा २८ वा घात) याची बाकी १. दुसऱ्यावरून, ६२५ च्या जागी −१६ लिहिता येतात. १६ हा २ चा चौथा घात, म्हणून २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१. त्यात १ मिळवला की शून्य. नववी-दहावीच्या मुलांना, ऋण बाकीची कल्पना एकदा पटली की, हे सहज जमते.

६५,५३७ च्या पुढच्या ज्या ज्या फर्मा संख्यांचा निकाल आजवर लागला, त्यांतली एकही मूळ निघालेली नाही.