न विचारता पुकारलेलं युद्ध

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत जर्मनीविरुद्ध युद्धात उतरल्याचं जाहीर करून टाकलं. मध्यवर्ती कायदेमंडळाला विचारलं नाही, प्रांतांतल्या निवडून आलेल्या मंत्रिमंडळांनाही नाही. काँग्रेसला नाझींचा कळवळा नव्हता. राग होता तो आपली माणसं आणि आपला पैसा दुसऱ्याने परस्पर लढाईत लोटण्याचा. आठ प्रांतांतली काँग्रेसची मंत्रिमंडळं पायउतार झाली. ‘ना एक पाई, ना एक भाई’ ही घोषणा याच रागातून उठली.

पुढच्या वर्षी युद्धाविरुद्धच्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिलं नाव निवडलं ते विनोबा भावे. देशाला ते नवखं होतं, बडोद्याला नव्हतं. गागोद्यात जन्मलेला हा मुलगा वाढला आणि शिकला बडोद्यात. बडोद्याच्या महाराजा सयाजीरावांनी उभारलेल्या ग्रंथालयात त्याने वाचनाची भूक भागवली. एके दिवशी चुलीपुढे बसून त्याने आपली प्रमाणपत्रं एकेक करून विस्तवात टाकली. आईचं म्हणणं, ठेवलीस तर काय बिघडलं? त्याला नोकरीच करायची नव्हती. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि थेट काशी गाठली.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबा युद्धाविरुद्ध बोलले. २१ तारखेला अटक, तीन महिन्यांची कैद. दुसरे सत्याग्रही नेहरू; त्यांना चार वर्षं.

याच काळात बडोद्याच्या गायकवाड महाराजांच्या देणगीमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘बडोदा’ नाव मिळालं. १९४१ पासून ते स्पिटफायर विमानं उडवत होतं. नाझींशी लढणारी ती विमानं वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण संस्थानचा पैसा म्हणजे शेवटी रयतेचाच. मला बडोद्याचा खरा वारसा विनोबांच्या नकारात दिसतो.

परक्याच्या युद्धाला दिलेला तो नकार पुढे स्वतंत्र भारताच्या संसदेत पोचला. मार्च २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन सुरक्षा परिषदेच्या संमतीवाचून इराकवर चालून गेले. ८ एप्रिलला लोकसभेने एकमताने त्या युद्धाची निंदा केली. नंतर अमेरिकेने इराकसाठी भारताचं सैन्य मागितलं. विरोधी पक्षांनी कडाडून विरोध केला आणि १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने कळवलं : संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय आमचे जवान येणार नाहीत.