‘शहाणी होणे’ : पौगंडावस्था आणि कायद्यातील वय

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी येथे कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा नांदतात. मुलीला ऋतुप्राप्ती झाली म्हणजे कन्नडमध्ये ‘दोड्डवळादळु’, अर्थात ‘ती मोठी झाली’, असे म्हणतात. मराठीत ‘ती शहाणी झाली’ असे म्हणण्याची रीत आहे. कन्नड शब्दप्रयोग वाढीबद्दल बोलतो, मराठी शब्दप्रयोग मात्र देहाच्या घटनेला बुद्धीचे नाव देतो. देह, बुद्धी आणि नीतिविवेक हे एकाच दिवशी परिपक्व होतात, हे या शब्दामागील गृहीत होय. एकोणिसाव्या शतकातील कायद्याने ते मान्य केले की नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्राचीन व्यवहारशास्त्राला हा भेद अगदीच अपरिचित नव्हता. कौटिल्याने मुलीस बाराव्या व मुलास सोळाव्या वर्षी ‘प्राप्तव्यवहार’ मानले. नारदस्मृतीत आठव्या वर्षापर्यंतचे मूल गर्भस्थासारखे समजले असून, सोळाव्या वर्षापर्यंत त्यास ‘बाल’ अथवा ‘पौगंड’ म्हटले आहे. आपला ‘पौगंडावस्था’ हा आजचा शब्द याच परंपरेतला. तथापि येथे प्रश्न मुख्यतः देवघेवीच्या पात्रतेचा आहे, विवाहाचा नव्हे.

इंग्रजी अमलात एकाच मुलीची तीन निरनिराळी वये ठरली. १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नसे. सात ते बारा या वयात, आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम जाणण्याइतकी समज आली होती की नाही, हे पाहावयाचे असे. याच संहितेने संमतिवय मात्र दहा वर्षे ठेवले. पुढे १८७५ च्या कायद्याने सज्ञानत्वाचे वय अठरा ठरविले, पण विवाह, मेहर, घटस्फोट व दत्तक या बाबी त्यातून वगळल्या. म्हणजे जमीन विकण्यास जी मुलगी अपात्र, तिचा विवाह सहज लावता येई! समजुतीची चौकशी चोरीच्या खटल्यात होई, लग्नाच्या बाबतीत होत नसे.

रखमाबाईंच्या खटल्याने हीच फट उघडी केली. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या बाईंनी सासरी नांदण्यास नकार दिला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिनी यांनी पतीचा दावा फेटाळला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा आदेश दिला. बाईंचा मुख्य आक्षेप देहाविषयी नव्हता, समजुतीविषयी होता : जाणत्या बुद्धीने दिलेली संमती अकराव्या वर्षी संभवतच नाही. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि तो मुद्दा अनिर्णितच राहिला.

१८९१ च्या वादातही तो पुढे आला नाही. संमतिवय दहावरून बारावर नेणाऱ्या विधेयकावर शास्त्रार्थ झाला, तो ऋतुप्राप्ती आणि गर्भाधान यांवर. डॉ. भांडारकरांनी शास्त्राधारे सुधारणेची बाजू घेतली. टिळकांचा विरोध सरकारी हस्तक्षेपाला होता. परंतु मुलींचे लग्न सोळाव्या व मुलांचे विसाव्या वर्षाआधी करू नये, असा स्वेच्छेचा करार टिळकांनी १८९० मध्येच सुचविला होता, हे विसरता कामा नये. विधेयकाच्या समर्थकांपेक्षा हे वय मुलीच्या बुद्धीला अधिक अवकाश देणारे होते, असे आम्हांस वाटते.

कायदा झाला तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. १९३० मध्ये अमलात आलेला, मुलीसाठी चौदा व मुलासाठी अठरा वर्षांची मर्यादा घालणारा बालविवाह प्रतिबंधक कायदाही तसाच. अक्कलकोटसारख्या संस्थानी मुलखास तो आपोआप लागू होत नसे. संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत, शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील मुलीचे वय वेगळ्या कायद्याने मोजले जाऊ शकत होते.

पुढे मर्यादा वाढत गेल्या. २००६ च्या अधिनियमात मुलीसाठी अठरा व मुलासाठी एकवीस वर्षे आहेत. मात्र २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने समजुतीचा प्रश्न पुन्हा उभा केला. सोळा ते अठरा वयातील मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असल्यास, त्याची शारीरिक व मानसिक क्षमता आणि परिणाम जाणण्याची शक्ती यांचा प्राथमिक निर्णय बाल न्याय मंडळाने करावयाचा आहे. १८६० मध्ये बारा वर्षांशी थांबलेली ती चौकशी आता अठराव्या वर्षापर्यंत आली आहे. पण आजही ती आरोपी मुलाची होते.