‘बदली’ नावाचा रकाना

क्षयरोगाविरुद्धच्या लढ्याचा इतिहास बहुधा औषधांच्या नावांनी सांगितला जातो. तो वह्यांच्या अंगानेही सांगता येतो. कारेल स्टिब्लो या चेक डॉक्टरांना माउटहाउसेनच्या नाझी छळछावणीत स्वतःलाच क्षय जडला होता. पुढे टांझानियात त्यांनी जी पद्धत बसवली, तिचा कणा होती नोंदवही. एका तिमाहीत नोंदलेल्या प्रत्येक रुग्णाचे शेवटी काय झाले, याचा हिशेब द्यायचा.

भारताने १९९७पासून हीच पद्धत स्वीकारली आणि २००६पर्यंत ती देशभर नेली. उपचारपत्र, प्रयोगशाळेची वही, क्षयरोग पथकाची नोंदवही आणि तिमाही अहवाल. अहवालात प्रत्येकाला एक रकाना ठरलेला: बरा झाला, उपचार पूर्ण, मृत्यू, उपचार निष्फळ, उपचार सोडले, बदली.

हा शेवटचा रकाना मला सर्वांत बोलका वाटतो. क्षयाचे उपचार किमान सहा महिन्यांचे. ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. बीडचा मजूर दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात निघाला, की गावच्या वहीत त्याची ‘बदली’ व्हायची (जणू सरकारी नोकरच!). तो नव्या ठिकाणी पोचला का, हे तिकडून कागदाची पोच आली तरच कळणार. वर जात ते फक्त आकडे. दिल्लीला बेरीज कळे, माणूस वहीतच राही.

२०१२मध्ये दोन गोष्टी घडल्या. मे महिन्यात खाजगी डॉक्टरांनाही प्रत्येक क्षयरुग्ण कळवणे सक्तीचे झाले आणि पाठोपाठ ‘निक्षय’ हे पोर्टल आले. आता रुग्णाला स्वतःचा क्रमांक मिळाला. तो जिल्हा बदलला तरी बदलत नाही. कपाट उघडणाऱ्या कुणालाही वाचता येणारे नाव पासवर्डमागे गेले. लग्न मोडेल या धास्तीने आजार लपवणाऱ्या मुलीसाठी ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र कागद संपले नाहीत. अनेक ठिकाणी कर्मचारी आधी कार्डावर लिहितो, मग तेच संगणकात भरतो. एप्रिल २०१८पासून पोषणासाठी महिना ५०० रुपये थेट खात्यात येऊ लागले, नोव्हेंबर २०२४पासून १०००. आणि पोर्टलवर नोंद असल्याशिवाय ते निघत नाहीत. मोजणीसाठी जन्मलेली वही अशी तिजोरीची किल्ली झाली. त्याबरोबर कागदांचा काही भार कर्मचाऱ्याच्या टेबलावरून रुग्णाच्या पिशवीत गेला: आधार, पासबुक, खात्याचा बिनचूक क्रमांक. उसाच्या फडातल्या कोपीत राहणाऱ्या मजुराची नोंद आज त्याच्यामागे कारखान्यापर्यंत जाते. पासबुक मात्र बहुधा गावच्या पेटीतच असते.