अभिजात पुरातत्त्व : विद्यापीठीय अभ्यासाचा प्रारंभ

प्राचीन ग्रीक व रोमन जगाचा भौतिक अवशेषांवरून अभ्यास करणारी पुरातत्त्वाची शाखा. वास्तू, शिल्पे, मृद्भांडी, नाणी, कोरीव लेख, थडगी आणि बुडालेली जहाजे ही तिची मुख्य साधने. कांस्ययुगातील मिनोअन व मायसीनी संस्कृतीही बहुतेक ठिकाणी याच शाखेत शिकवतात.

या विषयाचा पाया योहान विंकेलमान यांच्या प्राचीन कलेच्या इतिहासाने (१७६४) घातला. त्यांनी रोममध्ये ज्या मूर्ती पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याचशा ग्रीक शिल्पांच्या रोमन प्रतिकृती होत्या. १७६७ मध्ये क्रिस्टिआन हाइने यांनी जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात पुरातत्त्वावर व्याख्याने सुरू केली. केंब्रिजमध्ये १८५१ मध्ये अध्यासन झाले. अथेन्समध्ये फ्रेंचांनी १८४६ मध्ये व ब्रिटिशांनी १८८६ मध्ये अभ्याससंस्था उभारल्या.

नवा विद्यार्थी बहुधा होमर किंवा रोमन सम्राटांच्या ओढीने येतो. पहिल्या वर्षी त्याला वस्तू पाहायला शिकवतात, आणि तेच योग्य आहे. केंब्रिजच्या संग्रहालयात पेप्लॉसधारी कोरे (पेप्लॉस हे ग्रीक वस्त्र ल्यालेली युवती) या मूर्तीच्या प्लॅस्टरच्या दोन प्रतिकृती आहेत, एक पांढरी आणि दुसरी भडक रंगांची. मूळ संगमरवरी मूर्ती इ.स.पू. ५३० च्या सुमाराची असून तिच्यावर रंगाचे अंश टिकून आहेत. या दोन प्रतिकृती पाहिल्या की शुभ्र ग्रीक शिल्पाची कल्पना कायमची मोडते.

त्यानंतर खापरे. अथेन्सच्या मातीत लोह असते. भट्टीत हवा खेळती असताना भांडे तांबडे होते. हवा कोंडून धूर केला की सारेच काळे पडते. पुन्हा हवा सोडली की उघडी माती तांबडी होते, पण बारीक मातीचा लेप दिलेला भाग तापून काचेसारखा घट्ट झालेला असल्याने काळाच राहतो. काळ्यातांबड्या चित्रांचे रहस्य एवढेच. हे समजलेला विद्यार्थी खापराची तुटलेली कड पाहूनही बरेच सांगू शकतो. काठ, बूड आणि कान यांवरून भांडे मद्य साठवण्याचे होते की पिण्याचे, हे ठरवण्याचा सरावही याच वर्षी होतो.

ग्रीक व लॅटिन आता अनेक विद्यापीठांत मुळाक्षरांपासून शिकता येतात. भाषा पुढे ढकलणाऱ्यांचे नुकसान होते, कारण रोमन थडग्यांवरचे लेख संक्षेपांनी भरलेले असतात. ग्रंथांवर सगळी भिस्त ठेवणे मात्र तितकेच घातक. हाइनरिख श्लीमान यांनी १८७६ मध्ये प्राचीन ग्रीक प्रवासी पॉसेनियसच्या प्रवासवर्णनाच्या आधारे मायसीनीत तटाच्या आत खोदले आणि सोन्याने भरलेली थडगी मिळवली. ती त्यांनी ट्रोजन युद्धातील ग्रीकांचा सेनानी आगामेम्नॉन याच्या काळाशी जोडली. प्रत्यक्षात ती ट्रोजन युद्धाच्या परंपरेने मानलेल्या काळाहून काही शतके जुनी निघाली. जागा ग्रंथाने दाखवली, काळ वस्तूंनी सांगितला.

उन्हाळ्याच्या सुटीतले उत्खनन अनेक अभ्यासक्रमांत सक्तीचे असते. थर ओळखणे, त्यांचा छेद रेखाटणे, प्रत्येक वस्तूची थरानुसार नोंद करणे ही कामे तिथेच अंगवळणी पडतात. इंग्लंडमधील मेडन कासल येथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली हे शिक्षण घेतलेले हसमुख सांकलिया १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. महाराष्ट्रातील शास्त्रीय उत्खननाची परंपरा मोठ्या प्रमाणात त्यांनीच घडवली.

भारतातील विद्यार्थ्याला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू येथे व्हीलर यांना १९४५ मध्ये इटलीतील अरेझ्झो परंपरेची तांबडी, चकचकीत खापरे मिळाली. त्यांचा काळ युरोपात आधीच ठरलेला असल्याने त्यांच्यासोबतच्या भारतीय भांड्यांचाही काळ ठरवता आला, आणि दक्षिण भारतातील इतर स्थळांच्या कालनिर्णयाला आधार मिळाला. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर रोमन कांस्यवस्तूंचा साठा सापडला. त्यातली समुद्रदेव पॉसायडनची छोटी मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. महाराष्ट्रातून या अभ्यासाकडे वळणाऱ्याने ती आधी पाहावी.