राजाने गादी सोडली तेव्हा

सार्वजनिक कामाचा ज्याला थोडाफार अनुभव आहे, त्याला एक प्रश्न कधी ना कधी पडलेला असतो. पगार देऊन ठेवलेल्या माणसाला हुकूम करता येतो. पण लष्कराच्या भाकऱ्या भाजायला जे आपण होऊन आले, त्यांना हुकूम कोणी करायचा? मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा? आणि ज्याचा शब्द चालत होता, तोच एके दिवशी निघून गेला तर? संगणकाच्या जगातील एका मंडळीवर हा प्रसंग आला. त्याची हकीकत आपणांस सांगायची आहे.

संगणकाला काम सांगण्यासाठी ज्या कृत्रिम भाषा वापरतात, त्यांपैकी एक पायथॉन. आपल्या घरातला एखादा विद्यार्थीही ती शिकत असेल. ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेत काम करणारे ग्वीडो व्हान रॉसम ह्या डच गृहस्थांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत, फावल्या वेळचा उद्योग म्हणून तिला हात घातला. नावाचा अजगराशी संबंध नाही बरे का! एका इंग्रजी विनोदी दूरचित्रवाणी-मालिकेवरून ते सुचले. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यांनी ही भाषा सर्वांसाठी खुली केली. खुली म्हणजे कशी? नुसती वापरायलाच नव्हे, तर तिची आतली सारी मांडणी वाचायला, बदलायला आणि बदललेली प्रत इतरांना द्यायलाही मोकळीक.

मग देशोदेशींची माणसे जमली. कोणी चुका दुरुस्त केल्या, कोणी नवे भाग जोडले. पुष्कळ जण आपली नोकरी सांभाळून उरल्या वेळात हे करीत. पण व्यक्ती तितक्या प्रकृती. वाद हे व्हायचेच. वाद विकोपाला गेला की सगळे ग्वीडोंकडे पाहत. १९९५ मध्ये थट्टेथट्टेत त्यांना एक पदवी चिकटली : ‘आजन्म दयाळू हुकूमशहा’. ती पुढे तेवीस वर्षे टिकली.

आपण म्हणाल, म्हणजे राजा बोले, दल हाले, असाच हा प्रकार! पण तसे नव्हते. ह्या राजाजवळ ना पगाराची थैली, ना शिक्षेचा दंडुका. कोणाला निर्णय पटला नाही तर सगळी सामग्री उचलून तो वेगळी चूल मांडू शकत होता. तशी परवानगी मुळातच दिलेली. तेव्हा निर्णय पटवून देण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून २००० साली एक रीत घालून देण्यात आली. भाषेत मोठा बदल सुचवायचा असेल, तर तो कागदावर मांडायचा. तो कशासाठी, त्यावर आक्षेप कोणते, कोणते पर्याय नाकारले आणि का, हे सारे लिहायचे. सर्वांनी त्याचा खल करायचा. शेवटी होकार किंवा नकार ग्वीडोंचा.

२०१८ साली ह्या रीतीची कसोटी लागली. एखाद्या किमतीला नाव देणे आणि त्याच ओळीत ती किंमत वापरणे, अशी सोय करणारे एक नवे चिन्ह सुचवले गेले : दोन टिंबे, आणि त्यांपुढे बरोबरची खूण. वालरस ह्या समुद्रप्राण्याचे डोळे आणि सुळे त्यात दिसतात, म्हणून त्याला वालरसचेच नाव पडले. चिन्ह एवढेसे, पण त्यावरून मोठे रामायण घडले. भाषा सोपी राहणार नाही, असे कित्येकांना वाटले. ग्वीडो स्वतःच सूचना मांडणाऱ्यांपैकी एक, आणि निवाडाही त्यांचाच. त्यांनी ती मंजूर केली आणि १२ जुलै २०१८ रोजी सहकाऱ्यांना कळवले, की ह्या भांडणाने आपण थकलो, ह्यापुढे निवाडे आपण करणार नाही. वारस मात्र त्यांनी नेमला नाही. कारभार कसा चालवायचा ते तुमचे तुम्ही ठरवा, असे सांगून ते बाजूला झाले.

रोजची डागडुजी चालूच राहिली. पण मोठ्या सूचनांवर शिक्कामोर्तब कोणी करायचे? आता गंमत पाहा. निर्णय कसे घ्यावेत, हे ठरवण्यासाठीही एक निर्णय घ्यावा लागणार, आणि तो घेण्याची रीत तर कुठेच लिहिलेली नव्हती! मंडळींनी आपली जुनी सवयच उपयोगाला आणली : आपापल्या योजना कागदावर मांडल्या. अशा सात योजना झाल्या. एकीत पुन्हा एकच प्रमुख, एकीत तिघांचे मंडळ, तर एकीत प्रमुखच नाही. डिसेंबर २०१८ मध्ये मुख्य कार्यकर्त्यांनी मतदान केले. अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत काँदोर्से ह्यांच्या नावाची पद्धत त्यांनी घेतली. तीत मतदार सर्व योजना पसंतीच्या क्रमाने लावतो आणि मग प्रत्येक योजनेची प्रत्येकीशी जोडी लावून पाहतात. निवड झाली ती पाच जणांच्या सुकाणू समितीची.

ह्या समितीची घटना वाचण्यासारखी आहे. दर मोठ्या आवृत्तीनंतर नवी निवडणूक. पाचांपैकी दोनहून अधिक जण एकाच मालकाच्या नोकरीत असता कामा नयेत, म्हणजे एखाद्या धनाढ्य कंपनीच्या हाती सूत्रे जाणार नाहीत. कार्यकर्त्यांचा विश्वास उडाला, तर दोनतृतीयांश मतांनी समितीला घरी बसवता येते. आणि सर्वांत मोलाचे कलम असे, की समितीला अधिकार भरपूर, पण ते शक्य तितके कमी वापरावेत; मतदानाआधी एकमत शोधावे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली समिती निवडून आली. तीत ग्वीडोही होते, पाचांतले एक म्हणून. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या निवडणुकीतून त्यांनी माघार घेतली. मधल्या काळात, ऑक्टोबर २०१९ मध्ये, ते वादग्रस्त चिन्ह नव्या आवृत्तीत सर्वांच्या हाती पडलेही होते.

एखाद्या संस्थेचे संस्थापक शेवटच्या श्वासापर्यंत खुर्ची सोडत नाहीत आणि मागे उरलेली मंडळी कज्जेदलालीत गुंततात, हे आपण पुष्कळदा पाहतो. इथे संस्थापक हयात असतानाच दूर झाला. चुकले तर विचारायला तो जवळच होता. मागच्यांजवळ वारस नव्हता, पण कारणे लिहून मांडण्याची आणि दुसऱ्याचे वाचून घेण्याची अठरा वर्षांची सवय होती. आपल्या गावचे वाचनालय असो की नाट्यमंडळ, ही सवय आपल्या कामात आहे का, हे संस्थापक हिंडते-फिरते असतानाच पाहून ठेवावे.