एका फळीचे विमान

दिवाळी जवळ आली की घरोघरचे हात कामाला लागतात. बांबूच्या कामट्या तासून, त्यांवर पतंगी कागद चिकटवून आकाशकंदील उभा राहतो. दगडमाती रचून अंगणात किल्ला उठतो. या हातांना जी विद्या अवगत असते, तिच्याच कुळातला माझा छंद आहे. मी लाकडाच्या एकाच फळीतून लढाऊ विमाने कापून काढतो. आमचे सावदे हे केळीचे गाव. इथल्या चार माणसांचे बोलणे घडांचे वजन, भाव आणि भुसावळ-खंडवा मार्गावरच्या वाघिणी यांपलीकडे सहसा जात नाही. त्यामुळे भिंतीवर ओळीने टांगलेली माझी विमाने पाहून येणाऱ्याजाणाऱ्याला नवल वाटते.

या विमानांची रीत सोपी आहे. कोणत्याही यंत्राचे चित्र वरून, समोरून आणि बाजूने असे तीन अंगांनी काढतात. त्यांतले बाजूचे अंग मी उचलतो. त्याची रेघ फळीवर उतरवायची, बारीक पात्याच्या करवतीने कापायची, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, मग पोटात खाच पाडून त्यात पंख बसवायचे आणि मागे शेपटी. धड चपटे, पंख मात्र खरे. प्रमाण बहुधा एकास बहात्तर, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट माझ्या फळीवर एक इंच होतात. सुमारे पावणेनऊ मीटर लांबीचे ‘नॅट’ या हिशेबाने जेमतेम बारा सेंटीमीटरांचे होते.

पाहणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो. ‘‘काका, विमान तर गोल असतं. मग हे असं पोळीसारखं चपटं कशाला?’’ या प्रश्नाचे उत्तर सुताराच्या दुकानात नाही, ते इतिहासात आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन उतरले ते ३ सप्टेंबर १९३९ रोजी. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, ६ सप्टेंबरच्या सकाळी, शत्रूची विमाने येत असल्याची खोटीच आवई उठली आणि लंडनच्या पूर्वेला ब्रिटिश विमाने आकाशात चढली. त्यांतली काही ‘हरिकेन’ होती, काही ‘स्पिटफायर’. स्पिटफायरच्या वैमानिकांनी समोरची हरिकेन विमाने जर्मन समजून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. दोन विमाने पडली आणि माँटेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक ठार झाला. ब्रिटनच्या लढाऊ विमानदलाने त्या युद्धात गमावलेला हा पहिला वैमानिक. आणि तो गेला आपल्याच माणसाच्या हातून!

त्यांच्यापाशी विमाने उत्तम होती, तोफा उत्तम होत्या. उणी होती ती ओळख. वास्तविक हरिकेनची पाठ कुबडासारखी उचललेली, स्पिटफायरची पाठ सडपातळ, तर त्या वेळच्या जर्मन मेसरश्मिटच्या शेपटीच्या आडव्या पंखाला खालून टेकू असे. बाजूची रेघ ज्याच्या डोळ्यांत मुरली आहे त्याला हे भेद क्षणात दिसतात. पण मुरायला वेळ लागतो, आणि युद्ध वेळ देत नाही.

हा धडा पुढे एका मोठ्या देशाने शाळकरी मुलांच्या हाती सोपवला. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळांना आवाहन केले, की निरनिराळ्या जातींच्या विमानांच्या पाच लाख प्रतिकृती आम्हांला हव्या आहेत. प्रमाण तेच, एकास बहात्तर. मुलांनी शाळेच्या सुतारशाळांत लाकूड तासून त्या बनवल्या. त्यांना रंग दिला एकच, काळा. कारण दूरच्या आकाशात विमानाचा रंग दिसत नाही. दिसते ती सावलीसारखी आकृती. वैमानिक आणि तोफची यांचे डोळे या काळ्या लाकडी विमानांवर तयार झाले.

आपल्याकडची गोष्टही याहून वेगळी नाही. ब्रिटिश विमानांच्या पंखांवर निळे, पांढरे आणि मधोमध लाल असे वर्तुळचिन्ह असे. जपानी विमानांवर होता लाल सूर्याचा गोळा. ब्रह्मदेशच्या जंगलावर लढताना हा मधला लाल ठिपका घातक ठरू लागला. घाईत पाहणाऱ्याला तो जपानी वाटे. म्हणून या आघाडीवरच्या विमानांवरून, आणि त्यांत हिंदी वायुदलाच्या विमानांवरूनही, लाल रंग पुसून टाकण्यात आला. पुढे निळ्याच्या दोन छटांचे चिन्ह आले. माझ्या भिंतीवरच्या ब्रह्मदेशातल्या हरिकेनवर लाल ठिपका नाही, तो राहून गेलेला नाही. मुद्दाम काढलेला आहे.

याच धाग्यात आणखी एक नाव ओवले गेले आहे. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याचे ‘फॉके-वुल्फ १९०’ हे विमान आणि ब्रिटिशांचे ‘टायफून’ हे दुरून एकमेकांसारखे दिसत. ब्रिटिश तोफांनी आपलीच टायफून पाडली, तेव्हा त्यांच्या पंखांखाली काळेपांढरे पट्टे ओढण्याची पाळी आली. युद्ध संपल्यावर हेच टँक बंगलोरला आले आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी भारताचे पहिले जेट लढाऊ विमान ‘मरुत’ रेखले. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते प्रथम उडवले. एकूण १४७ मरुत तयार झाली आणि १९७१ च्या युद्धात त्यांनी राजस्थानच्या आघाडीवर काम केले. लांब, निमुळते नाक आणि ताणून बसवलेली पाठ अशी त्याची बाजूची रेघ मला सर्वांत देखणी वाटते. फळी कापताना करवत त्या नाकाशी आली की हात आपोआप सावकाश होतो.

चपटी विमाने भिंतीवर टांगण्यापुरतीच असतात असे मात्र समजू नये. ती उडतातही. १९४० च्या सुमारास अमेरिकेत जिम वॉकर यांनी दोन तारांनी विमान ताब्यात ठेवण्याची युक्ती प्रचारात आणली. उडवणारा मध्ये उभा, हातात मूठ, मुठीपासून दोन बारीक तारा विमानाच्या पंखातून आत गेलेल्या. मूठ वरखाली केली की शेपटीची झडप हलते आणि विमान उडवणाऱ्याभोवती फेर धरते. या खेळाला फळीचे धड फार सोयीचे. छोटे इंजिन फळीच्या नाकावर आडवे बसते, पडझड झाली तर धड चिकटवून पुन्हा उभे करता येते. तोल मात्र नीट साधावा लागतो. भार पंखाच्या पुढच्या भागी यावा, तारांच्या विरुद्ध बाजूच्या पंखाच्या टोकाला थोडे वजन द्यावे आणि उभे शेपूट किंचित बाहेर वळवावे, म्हणजे तारा ताणलेल्या राहतात. आपल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेतही मुलांना प्रतिकृती विमाने बांधण्याचे शिक्षण मिळते.

यासाठी लाकूड लागते ते बाल्साचे. हे झाड दक्षिण अमेरिकेतले, मुख्यतः इक्वाडोरचे. पण ते अगदीच परके नाही. शिमग्याच्या सुमारास लाल फुलांनी पेटणारी आपली काटेसावर त्याच कुळातली. हे लाकूड केवळ खेळण्याचे, असेही नव्हे. २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम उडालेल्या ‘मॉस्किटो’ या खऱ्या युद्धविमानाचे धड बर्चच्या पातळ पत्र्यांमध्ये बाल्सा दाबून केलेले होते. १९४४ साली भारतात या विमानांचे पंख मोडून अपघात झाले, तेव्हा पहिला संशय आला तो इथल्या उन्हापावसावर. तपासात दोष निघाला कारखान्यातल्या जोडकामाचा. लाकूड चिकटवणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

माझ्याकडे सुटीत चारदोन मुले येतात. त्यांना घाई असते ती रंगाची. तिरंगी चिन्ह कधी काढायचे, असे विचारत राहतात. माझा नियम असा, की विमान आधी सबंध काळे करायचे, ओट्याच्या पलीकडे दहा पावलांवर धरायचे आणि दुसऱ्याने ते ओळखायचे. नॅट की सेबर, मिग की मिराज? ओळखता आले तरच रंग. मुले कुरकुरतात, मग त्यांना यात चुरस वाटू लागते.

एकदा एका मुलाने विचारले, की आता तर रडार आहे, यंत्रे आपोआप ओळखतात, मग डोळ्यांचे काय काम? त्याला मी २७ फेब्रुवारी २०१९ ची हकीकत सांगितली. त्या सकाळी काश्मीरच्या आकाशात भारत आणि पाकिस्तान यांची विमाने एकमेकांना भिडली होती. त्याच धामधुमीत बडगामजवळ आपल्या वायुदलाचे एक हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले गेले. आतले सहाही जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडले. त्या सहांत आपल्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ही मोठी चूक होती, असे वायुदलप्रमुखांनी त्याच वर्षी जाहीरपणे मान्य केले.

लंडनजवळची ती सकाळ आणि बडगामची ही सकाळ यांच्यामध्ये ऐंशी वर्षे आहेत. या अवधीत विमानांचा वेग किती वाढला आणि यंत्रे किती शहाणी झाली, त्याला गणती नाही. तरी समोर आहे तो आपला की परका, हा प्रश्न तेवढाच कठीण राहिला, आणि उत्तर द्यायला मिळणारा वेळ तेवढाच थोडा.

तो मुलगा काही बोलला नाही. हातातली काळी फळी घेऊन तो स्वतःच ओट्याच्या पलीकडे गेला, दहा पावले मोजून उभा राहिला आणि त्याने ती उंच धरली.